कॉफीच्या सुट्टीत अडकणारं दार

१

दाराच्या आत अन्सगार कण्हत होता आणि दाराबाहेर टिल्डे फोनवर गोल गोल फिरणारं चाक बघत उभी होती.

टिल्डे ल्युंगविक नगरपालिकेच्या घरसेवेत होती. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे दिवसातून दोन-चारदा जायचं, गोळ्या द्यायच्या, मोजे चढवायचे, नाश्त्याचं बघायचं, हे तिचं काम. पूर्वी घरसेवेतल्या बायकांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा. आता फोन होता. दारापुढे उभं राहून फोनवरून किल्ली मागायची, गावातल्या एका सर्व्हरने तेवढ्यापुरती नवी किल्ली घडवून पाठवायची आणि कुलूप उघडायचं. एरवी हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत व्हायचं.

"अन्सगार, मी इथेच आहे," ती दाराच्या फटीला तोंड लावून म्हणाली.

"कळलं मला ते," आतून आवाज आला. "मीही इथेच आहे. जमिनीवर."

चाक फिरत राहिलं. टिल्डेने फोन बंद करून सुरू केला, दाराला लाथ घातली, शेजाऱ्याची घंटा वाजवली. शेजारी घरी नव्हता. चार मिनिटांनी कुलूप आपल्या मनाने उघडलं, जणू काही झालंच नव्हतं. अन्सगारच्या खुब्याचं हाड मोडलं होतं आणि तो फरशीवर गारठून निळा पडला होता.

त्याचा जीव वाचला. पण अँब्युलन्स गेल्यावर टिल्डे थेट नगरपालिकेत गेली आणि म्हणाली, "हे रोजचं आहे. रोज सकाळी साडेनऊला आणि दुपारी तीनला. आम्ही दोन महिने सांगतोय. आता कुणीतरी मला नाव सांगा, कुणाचं चुकतंय ते."

नगरपालिकेलाही नावच हवं होतं.

२

नाव सापडलेलं होतं. सीवला बोलावलं होतं ते फक्त त्यावर शिक्का मारायला, आणि हे तिला पोचल्यावर अर्ध्या तासात कळलं.

सीव ओकरलिंड ऊमेओ शहरातली. वय छप्पन्न, गुडघे कुरकुरणारे, स्वभावही. दुसऱ्यांचे प्रोग्रॅम संथ का चालतात ते शोधणं हा तिचा धंदा. बसने अर्धा दिवस घालवून, ओले बूट दारात काढून ती या किल्ल्यांचा सर्व्हर चालवणाऱ्या कंपनीच्या स्वयंपाकघरात आली तेव्हा फ्रिजवर चिकटवलेला एक कागद तिला आधी दिसला. "कॉफीला सगळ्यांनी यायचं असतं. आपण एक कुटुंब आहोत." खाली हसरा चेहरा काढला होता. असे कागद चिकटवणाऱ्या माणसांशी सीवचं कधीच पटलं नव्हतं.

कागद अनेलीचा होता. अनेली म्हणजे या आठ माणसांच्या कंपनीची प्रमुख. आवाज मऊ, लोकरीचं जाकीट मऊ, बोलणंही मऊ.

"आम्ही कुणालाही दोष देत नाही आहोत," ती म्हणाली, आणि पुढची वीस मिनिटं दोष देत राहिली.

हकिगत अशी होती. नाताळापासून किल्ल्या अडकायला लागल्या. दिवसभर सुरळीत, फक्त सकाळच्या आणि दुपारच्या कॉफीच्या सुट्टीत अडकायच्या. सगळे जागेवर परतले की आपोआप सुटायच्या. आणि त्या वेळी सगळे कॉफीला असायचे.

"सगळे," अनेली म्हणाली. "एक सोडून."

"कोण तो?"

"वाल्डेमार. चार वर्षांत तो एकदाही कॉफीला आलेला नाही. आम्ही बोलावून थकलो." तिने मान तिरकी केली. "किल्ल्या घडवणारी ती जर्मन कोडची लायब्ररी विकत घ्यायचं ठरलं ना, तेव्हा हा एकटाच विरोधात होता. भर बैठकीत म्हणाला, ही एक दिवस आपल्याला दाराबाहेर उभं करेल. आणि बघ, त्या लायब्ररीला हाक मारणारा कोड त्यानेच लिहिलेला आहे."

"म्हणजे तुझं म्हणणं, तुम्ही कॉफी पीत असताना तो मुद्दाम ते बंद पाडतो."

"माझं काहीच म्हणणं नाही. म्हणून तर तू आलीस." अनेलीने सीवच्या कपात न विचारता कॉफी ओतली. सीव चहा पिते. "शुक्रवारी नगरपालिकेचा रुट्गेर येतोय. तोपर्यंत दुसरं कारण मिळालं नाही, तर वाल्डेमारला जावं लागेल. कामात मुद्दाम अडथळा आणला, असं कारण लिहून."

बासष्टाव्या वर्षी असलं कारण कपाळावर घेऊन या गावात तर सोडाच, अख्ख्या किनाऱ्यावर कुणी त्याला दारात उभं केलं नसतं. सीवला त्याचं वाईट वाटलं आणि स्वतःचा रागही आला, कारण अनेलीच्या बोलण्यात तिला एकही भोक सापडत नव्हतं.

३

वाल्डेमारच्या खोलीचं दार उघडंच होतं. तो पाठ करून बसला होता. सीवने दारातून दोनदा हाक मारली. तो वळला नाही. हा एवढा माजोरडा असेल तर याला वाचवायला कुणी सांगितलंय, असं तिच्या मनात येऊन गेलं. ती टेबलाला वळसा घालून समोर आली तेव्हा मात्र तो दचकून उठला.

"बस ना. तिथे नको, या बाजूला बस," तो म्हणाला आणि खुर्ची आपल्या उजव्या हाताला ओढली.

"तू कॉफीला का जात नाहीस?"

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. "काम असतं."

"सुट्टीत कसलं काम?"

"सर्व्हरच्या नोंदी चाळतो. फायली उघडतो, शोधतो. किल्ल्या कुठे अडकतात ते बघतो."

"मिळालं काही?"

"मिळालं असतं तर तू आली असतीस का?" तो हसला नाही. "अनेलीला वाटतं मी करतो. ठीक आहे. तिच्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं."

"असं बोललास तर तुझ्या बाजूने मी काय सांगू?"

नोंदींबद्दल रात्री फोनवर विचारलं तर चालेल का, असं तिने म्हटलं, तर तो म्हणाला, फोन नको, लिहून पाठव.

दुसरा माणूस केटिल. यंत्रांची देखभाल त्याच्याकडे. तिशीतला, बोलका, स्वतःवर खूश. त्याने सीवला तळघरात नेऊन नवा सर्व्हर दाखवला, लोक नवी गाडी दाखवतात तसा.

"नाताळात आणला. जुन्याची चकती, म्हणजे हार्ड डिस्क, गरगरायची, खडखडायची. कुणी ना कुणी त्याच्या कीबोर्डवर काही ना काही बडवत असायचं. याला चकती नाही, पडदा नाही, कीबोर्ड नाही. कान लावून बघ."

सीवने कान लावला. खरंच काही ऐकू येत नव्हतं.

"नाताळात आणला आणि नाताळापासून बिघाड," ती म्हणाली.

केटिलचा चेहरा उतरला. "हे यंत्र जुन्याच्या पाचपट वेगवान आहे. मोजून बघ. वेगवान यंत्राने काम संथ कसं होईल?"



तिसरा संशयित फोनवर होता. लायब्ररी विकणाऱ्या जर्मन कंपनीतले हेर, म्हणजे श्रीयुत, डोप्फनर. लायब्ररी म्हणजे बाहेरून विकत घेतलेला तयार कोड. आपण त्याला काम सांगायचं, तो करून देणार, आत काय चालतं ते मात्र कुलूपबंद.

"आमच्याकडे सर्व ठीक आहे, फ्राऊ ओकरलिंड," ते म्हणाले.

"तुम्ही बघितलंत?"

"बघण्याची गरज नाही. आमच्याकडे सर्व ठीक आहे. आपल्या लोकांनी चुकीची हाक मारली असेल."

"मला आतला कोड दाखवाल?"

"ते शक्य नाही. आणि तो उलगडून वाचलात तर करार मोडेल, हेही आपल्याला ठाऊक असावं."

सीवने फोन ठेवला आणि टेबलावरच्या केटिलच्या पेन्सिलीचे दोन तुकडे केले.

४

आतला कोड वाचायचा नाही, बदलायचा नाही, आणि तरी आत कोण किती वेळ खातंय ते मोजायचं. याला एक उपाय होता. अशा अडवणुकीतच तो सीवने वर्षानुवर्षं वापरला होता. त्याला आस्पेक्ट म्हणतात.

"सोपं करून सांग," अनेली म्हणाली.

"लायब्ररी म्हणजे पुष्कळ खोल्यांचं ऑफिस समज. एकेका खोलीत एकेक छोटं काम होतं, त्याला मेथड म्हणतात. मला खोलीत शिरता येत नाही. पण प्रोग्रॅम सुरू होताना मी एकच नियम देऊ शकते, की या ऑफिसातल्या प्रत्येक खोलीच्या उंबऱ्याशी एक वॉचमन बसव. काम आत गेलं की त्याने घड्याळ बघायचं, बाहेर आलं की पुन्हा बघायचं. वजाबाकी करून मला सांगायची. भिंत फोडायला नको, कुलूप तोडायला नको. हजार खोल्या असल्या तरी नियम एकच."

"आणि करार?"

"वॉचमन बाहेर बसतो. करार शाबूत."

केटिल कुरकुरला, कारण त्यासाठी सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करावा लागणार होता. मंगळवारी सकाळी तो सुरू झाला, वॉचमन जागेवर बसले. चोर रंगेहाथ पकडायचा म्हणून सीव स्वतः तळघरात उतरली. तिने सर्व्हरला एक कीबोर्ड आणि पडदा जोडून घेतला, अंगात कोट घातला आणि स्टुलावर बसली. वर खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. कॉफीची सुट्टी झाली होती.

ती एकामागून एक आज्ञा टंकत होती, दर क्षणाला आकडे विचारत होती. किल्ली मागितली, आली. मागितली, आली. एकही अडकली नाही. सुट्टी संपली, माणसं जागेवर गेली आणि सीव थंडीने आखडलेले गुडघे चोळत वर आली.

"काय मिळालं?" अनेलीने विचारलं.

"काहीच घडलं नाही."

"अर्थात. त्याला माहीत होतं ना तू खाली बसली आहेस."

दुपारी तीनला सीव पुन्हा तळघरात बसली. पुन्हा काही नाही. वर येताना जिन्यात तिला वाल्डेमार दिसला. तिला बघून त्याने मान हलवली आणि भिंतीच्या कडेकडेने निघून गेला. त्या क्षणी, खरं सांगायचं तर, तिलाही वाटलं की अनेलीचंच बरोबर आहे.

५

बुधवारी तिने वेगळं केलं. कीबोर्ड काढला, वॉचमन तेवढे ठेवले आणि स्वतः कॉफीला जाऊन बसली. टेबलावर सेमला होते, क्रीम भरलेले गोड पाव, त्या दिवसांत गावभर तेच. सात माणसं एकाच वेळी बोलत होती, कप आपटत होते, कॉफीचं यंत्र गुरगुरत होतं. तिला शेजारच्याचंही धड ऐकू येत नव्हतं.

परत येऊन तिने आकडे उघडले आणि ताठ बसली. किल्ल्या अडकल्या होत्या. आणि वॉचमनने खोली पकडली होती, लायब्ररीतली किल्ली घडवणारी मेथड. आत गेलेलं काम तिथून मिनिटभर बाहेर येत नव्हतं. वाल्डेमारच्या कोडने हाक अगदी नीट, वेळेवर मारली होती.

तिने हेर डोप्फनरना फोन लावला. आवाजात थोडा माज होता, पण तो तिला कमावल्यासारखा वाटत होता.

"आकडे पाठवा," ते म्हणाले. तासाभराने त्यांचाच फोन आला. "फ्राऊ ओकरलिंड, हा वेळ आमच्या छपराखाली गेला, हे मान्य. पण त्या मोठ्या खोलीतून ज्या लहान खोल्यांत काम जातं, तिथेही आपलेच वॉचमन आहेत. ते काय म्हणतात बघितलंत? सगळे म्हणतात, काम आलं आणि लगेच गेलं. आमचा प्रत्येक माणूस वेळेवर आहे. हे आपलंच मोजमाप सांगतंय."

सीवने बघितलं. डोप्फनर खरं बोलत होते. लहान खोल्यांची बेरीज पापणी लवण्याइतकी होती आणि मोठ्या खोलीत मिनिट गेलं होतं. मधला वेळ कुणाच्याच नावावर नव्हता. तो नुसता गेला होता.

गुरुवारी अनेलीने स्वतःची तपासणी केली. कॉफीच्या वेळी ती वाल्डेमारच्या खोलीत गेली, त्याच्या दंडाला हात लावून त्याला घेऊन आली आणि टेबलाच्या मधोमध बसवलं. तो पूर्ण सुट्टीभर कपात बघत बसला. कुणी काही विचारलं की हसायचा, एकदा भलत्याच ठिकाणी हसला. केटिलने डोळे फिरवले. सीवला तो प्रकार बघवेना.

वर्गातल्या पोराला उभं करावं तसं त्याला बसवलं, पण किल्ल्या अडकल्याच. उलट त्या दिवशी आजवरचा सर्वात लांब खोळंबा झाला. टिल्डेने फोन करून अशा शिव्या दिल्या की अनेलीने फोन कानापासून लांब धरला.

"झालं," सीव म्हणाली. "तो आपल्यासमोर बसला होता. सुटला तो."

"सुटला?" अनेली मऊ आवाजात म्हणाली. "त्याला वेळ लावून ठेवता येत नाही का? आज त्याला जबरदस्तीने आणलं, म्हणून आज जास्त केलं. सूड उगवला त्याने."

सीवचं डोकं भणाणलं. तो खोलीत असला तरी गुन्हेगार, टेबलावर असला तरी गुन्हेगार. या बाईला कुठला पुरावा चालला असता कोण जाणे. ती कोट न घालताच अंगणात गेली आणि बर्फाच्या ढिगाला एक लाथ घालून परत आली.

६

दुपारी ती एकटी बसली. आज जास्त वेळ का लागला? रोजच्यापेक्षा आज वेगळं काय होतं? एकच. वाल्डेमार खोलीत नव्हता. आणि मंगळवारी, जेव्हा काहीच अडकलं नाही, तेव्हा वेगळं काय होतं? ती स्वतः तळघरात होती.

विचार तिथेच अडला. पण वॉचमनचं काय चुकलं ते तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. तिने वॉचमन बसवले होते ते जर्मनांच्या खोल्यांत. पण जर्मनांचा माणूस काम अर्धवट असताना बाहेर पडून शेजारच्या इमारतीत काही आणायला गेला तर? शेजारची इमारत म्हणजे खुद्द जावा, ज्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवर हे सगळं उभं आहे तिच्या पोटातली कामं. तिथे आपला वॉचमन बसवू देत नाहीत. म्हणून तो वेळ कुणाच्याच नावावर लागला नव्हता.

त्यालाही तोड होती. उंबऱ्याशी बसवता येत नाही ना, मग दार ठोठावणाऱ्याच्या पाठीशी माणूस लावायचा. जर्मनांच्या ऑफिसातून जो जो बाहेर कुणाचं दार ठोठावेल, त्याच्या मागोमाग जाऊन तो किती वेळ ताटकळला ते बघायचं. तिने नियमातला एक शब्द बदलला, केटिलला सर्व्हर पुन्हा सुरू करायला लावला, आणि तीनची कॉफी होईस्तोवर नखं चावत बसली. वाल्डेमारला दुपारीही अनेलीने टेबलावर नेऊन बसवलं होतं.

आकडे आले. सगळा हरवलेला वेळ एकाच दारापुढे सापडला.

तिने हेर डोप्फनरना फोन लावला. या वेळी आवाजात माज नव्हता.

"एकच प्रश्न. त्या दारापलीकडून हवं ते मिळालं नाही, तर तुमची लायब्ररी काय करते?"

"थांबते," ते अभिमानाने म्हणाले.

"किती वेळ?"

"लागेल तितका. कच्ची किल्ली देण्यापेक्षा थांबणं चांगलं. आमची ख्याती त्याचीच आहे."

सीवने फोन ठेवला. मग ती केटिलकडे गेली आणि म्हणाली, "मंगळवारी मी वापरलेला तो कीबोर्ड उद्या पुन्हा सर्व्हरला लाव. आणि खाली एक खुर्ची ठेव. स्टूल नको, खुर्ची."

"कुणासाठी?"

"गुन्हेगारासाठी," ती म्हणाली.

७

शुक्रवारी साडेनऊला सगळे टेबलाशी होते. नगरपालिकेचा रुट्गेर, लांब मानेचा, मिशीला क्रीम लागलेला. अनेलीपुढे वाल्डेमारला काढण्याचं पत्र, सही तेवढी बाकी. तो कोपऱ्यात, नवा शर्ट घालून आलेला. जायचं तर नीट जावं, असं त्याने ठरवलेलं दिसत होतं. सीवने मधोमध फोन ठेवला.

"टिल्डे, कुठे आहेस?"

"घरसेवेच्या ऑफिसात, सरावाच्या कुलपापुढे," फोनमधून आवाज आला. "किल्ली मागितली आहे. चाक फिरतंय. नेहमीसारखं."

"फिरू दे. तोवर मी सांगते." सीव उभी राहिली. "किल्ली घडवायला एक आकडा लागतो, ज्याचा अंदाज कुणालाही करता येणार नाही असा. यंत्राला हे जमत नाही. ते सांगकामं असतं, सांगितलं तेच करतं, त्यामुळे त्याच्या मनात काय येणार हे हुशार चोराला कळू शकतं. म्हणून ते आजूबाजूची गडबड गोळा करतं. कुणी कीबोर्डवर बोट कधी आपटलं, निरोप कधी आला, जुन्या यंत्रात चकती कधी अडखळली. माणसांच्या या वेड्यावाकड्या हालचालींचा अंदाज कुणालाच करता येत नाही. ती गडबड ते एका टाकीत साठवतं आणि प्रत्येक किल्लीला त्यातलं थोडं वापरतं."

"आणि टाकी रिकामी झाली तर?" रुट्गेरने विचारलं.

"तर जर्मन लायब्ररी टाकीच्या दारात थांबते, हरवलेला वेळ मला तिथेच सापडला. कच्ची किल्ली देत नाही. इतर वेळी तुमच्या कचेऱ्यांतून दिवसभर कामं येत असतात, टाकी भरत राहते. साडेनऊला आणि तीनला हे ऑफिस, तुमची नगरपालिका, सगळं गाव एकदम उठून कॉफीला जातं. गडबड थांबते. पण टिल्डे आणि तिच्या बायका दारोदार फिरतच असतात, किल्ल्या मागतच असतात. टाकीतून उपसा चालू, वरून थेंब नाही. रात्री गडबड नसते, पण किल्ल्याही कुणी फारशा मागत नाही. जुनं यंत्र स्वतःच खडखडायचं, म्हणून निभावलं. केटिलचं नवं यंत्र इतकं शांत आहे की उपाशी मरतं."

केटिलने सेमला खाली ठेवला.

"अजून फिरतंय," फोनमधून टिल्डे म्हणाली.

सीव टेबलाला वळसा घालून वाल्डेमारच्या उजव्या बाजूला गेली, वाकली आणि सावकाश बोलली, "तळघरात कीबोर्ड लावलाय. खुर्चीवर बस आणि वाटेल ते बडव."

तो गेला. जिन्यावर त्याची पावलं वाजली. टेबलावर सगळे फोनकडे बघत राहिले.

"उघडलं," टिल्डे म्हणाली. "थांबा, पुन्हा मागते. उघडलं. पुन्हा. हेही उघडलं. काय केलंत तुम्ही?"

"मंगळवारी मी खाली बसून टंकत होते, म्हणून काही अडकलं नाही," सीव म्हणाली. "मीच टाकी भरत होते. आणि वाल्डेमार रोज सुट्टीत एकटा बसून काय करायचा? फायली उघडायचा, शोधायचा, सर्व्हरला कामाला लावायचा. अख्ख्या गावात त्या वेळी तेवढीच गडबड होती. थेंब थेंब का होईना, त्याच्यामुळे दारं उघडत होती. काल तुम्ही त्याला इथे आणून बसवलंत आणि तेही बंद झालं. म्हणून काल सर्वात जास्त वेळ लागला."

रुट्गेरने मिशी पुसली. अनेलीने पत्र उलटं करून ठेवलं.

वाल्डेमार वर आला, दारात थांबला. सगळ्यांचे चेहरे बघून त्याला काय झालं ते कळलं असावं.

"पण मग तू सांगितलं का नाहीस?" अनेली त्याला म्हणाली. आवाज तसाच मऊ होता, पण या वेळी त्यात खरंच काहीतरी हललं होतं. "कॉफीला का येत नाहीस, एवढंच तर विचारत होतो आम्ही. चार वर्षं. आम्हाला वाटलं तुला आम्ही आवडत नाही."

त्याने तिच्या ओठांकडे बघितलं, मग सीवकडे. सीवला ते दोन दिवसांपूर्वीच कळलं होतं, या टेबलावरच्या गोंगाटात, पण सांगायचा हक्क तिचा नव्हता.

"डावा कान पूर्ण गेलाय," तो म्हणाला. "उजवाही अर्धा. समोर एक माणूस असला तर कळतं. इथे सात जण एकदम बोलता. मला नुसती खडखड ऐकू येते. कोण काय म्हणालं ते कळत नाही, म्हणून मी हसतो, आणि चुकीच्या वेळी हसतो." तो थांबला. "म्हातारा झाला, ऐकू येत नाही, काढा याला, असं होईल म्हणून सांगितलं नाही. तर तुम्ही दुसऱ्याच कारणाने काढायला निघालात."

अनेलीने पत्र फाडलं नाही. ती तसली बाई नव्हती. तिने त्याची नीट घडी घातली आणि जाकिटाच्या खिशात ठेवली, आणि सीवला ते फाडण्यापेक्षा जास्त खरं वाटलं.

केटिलने त्याच दुपारी सर्व्हरवर एक छोटा प्रोग्रॅम बसवला. यंत्राच्या स्वतःच्याच बारीक धडपडीतून तो गडबड गोळा करत राहतो. काम दहा मिनिटांचं. दोन महिने, एका माणसाचं खुब्याचं हाड आणि दुसऱ्याची नोकरी, एवढं सगळं दहा मिनिटांच्या कामावर अडलं होतं, हे आठवून बसमध्ये सीवचा पुन्हा संताप झाला. हेर डोप्फनरनी तिला आभाराचं पत्र पाठवलं. त्यात लिहिलं होतं, आमच्याकडे सर्व ठीक आहे.

पंधरा दिवसांनी वॉचमन काढून घ्यायला ती पुन्हा ल्युंगविकला गेली. पोचली तेव्हा साडेनऊ झाले होते. स्वयंपाकघर रिकामं होतं, फ्रिजवरचा कागद नव्हता. ती आवाजाच्या दिशेने गेली. वाल्डेमारच्या खोलीत केटिल खिडकीत बसला होता, अनेली उजव्या बाजूच्या खुर्चीवर, आणि केटिल काही सांगत होता, एकटाच, बाकीचे गप्प. वाल्डेमार हसला, अगदी बरोबर वेळेला.

दारावर त्याच्या अक्षरात एक कागद चिकटवला होता. "एका वेळी एकानेच बोलावं. कॉफी येताना घेऊन यावी."

सीवने कागद वाचला आणि ती स्वतःसाठी चहा करायला गेली.